प्रकाशाने पेललेला कण

दुपारच्या वेळी कौलांच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत उन्हाचा कवडसा उतरला, की त्यात धुळीचे असंख्य कण तरंगताना दिसतात. ते वर जातात, खाली येतात, क्षणभर थबकतात आणि पुन्हा भरकटतात. पाहणाऱ्याला वाटते, की हे कण अधांतरी आहेत. वस्तुतः ते अधांतरी नसतात. हवेने त्यांना झेललेले असते. हवेचे रेणू त्यांना सर्व बाजूंनी ढकलीत असतात आणि हवेचे मंद झोत त्यांना इकडून तिकडे वाहून नेत असतात. खोलीतील सर्व हवा काढून घेतली, तर तेच कण दगडासारखे सरळ जमिनीवर पडतील.

मग जेथे हवा नाही, दोरी नाही, कसलाही टेकू नाही, अशा पोकळीत एखादा कण खरोखर अधांतरी ठेवता येईल काय? प्राचीन काळी असा प्रश्न कोणी विचारला असता, तर लोकांनी तो मंत्रतंत्राचा विषय मानला असता. आज ऑस्ट्रियातील व्हिएन्ना आणि स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील प्रयोगशाळांत काचेचे अतिसूक्ष्म कण अशा रीतीने निर्वात पात्रात स्थिर ठेवले जातात. त्यांना पेलून धरणारी वस्तू म्हणजे प्रकाश होय. हा केवळ कौतुकाचा खेळ नव्हे. निसर्गाच्या एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी शास्त्रज्ञांनी ही विद्या अनेक वर्षांच्या परिश्रमाने साध्य केली आहे.

प्रकाश एखाद्या वस्तूला ढकलू शकतो, ही कल्पना तशी जुनी आहे. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, हे ज्योतिषशास्त्रज्ञांना ठाऊक होते. योहान्नेस केप्लर या जर्मन शास्त्रज्ञाने १६१९ साली असा तर्क मांडला, की सूर्याचे किरणच ही शेपटी मागे लोटीत असावेत. पुढे एकोणिसाव्या शतकात जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने प्रकाशाला दाब असलाच पाहिजे, हे गणिताने दाखवून दिले. परंतु हा दाब इतका अल्प, की तो मोजणार कसा? मॉस्को येथील प्योत्र लेबेदेव यांनी काचेच्या पात्रातील हवा शक्य तितकी काढून घेतली, त्यात अत्यंत हलकी पाती टांगली आणि त्यांवर प्रकाश सोडून १९०० च्या सुमारास तो दाब प्रत्यक्ष मोजून दाखविला.

हा दाब किती अल्प असतो, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा काळा कागद स्वच्छ उन्हात सूर्याकडे तोंड करून धरला, तर त्यावर पडणाऱ्या सर्व प्रकाशाचा रेटा अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाइतकाही भरत नाही. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला प्रकाशाची उष्णता जाणवते, रेटा मात्र कधीच जाणवत नाही, तो यामुळेच. तेव्हा प्रकाशाने एखादी वस्तू उचलायची असेल, तर दोन गोष्टी आवश्यक ठरतात. प्रकाश अत्यंत तीव्र व एका बिंदूवर एकवटलेला हवा आणि वस्तू अत्यंत हलकी हवी.

पहिली अट १९६० साली पुरी झाली. त्या वर्षी अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर तयार केला. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. लेसरचा प्रकाश मात्र एकाच दिशेने सरळ जातो आणि भिंगाच्या साहाय्याने केसाच्या जाडीहूनही लहान अशा जागेत केंद्रित करता येतो. या नव्या प्रकाशाचे काय करता येईल, याचा विचार जगातील अनेक शास्त्रज्ञ करू लागले. त्यांपैकी एक होते आर्थर ॲश्किन.

ॲश्किन यांचा जन्म १९२२ साली न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. १९५२ साली ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. लहानपणापासून त्यांना प्रकाशाच्या दाबाचे विलक्षण कुतूहल होते. लेसर हाती येताच त्यांनी कागदावर हिशेब मांडला. एक वॅट शक्तीचा प्रकाश एखाद्या वस्तूने पूर्णपणे शोषून घेतला, तर तिच्यावर पडणारा रेटा एका ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाइतका असतो. हा आकडा वाचून कोणीही निराश झाला असता. ॲश्किन यांनी मात्र उलट विचार केला. हा रेटा हाताच्या दृष्टीने काहीच नव्हे. परंतु काही सहस्रांश मिलिमीटर व्यासाच्या गोळीच्या दृष्टीने तो प्रचंड आहे. कारण त्या गोळीचे वजन याहूनही कितीतरी कमी असते.

येथे एक अडचण होती. काळ्या किंवा अपारदर्शक कणावर तीव्र प्रकाश पडला, की तो तापतो. त्याच्या भोवतालची हवा किंवा पाणीही तापते आणि त्या तापलेल्या प्रवाहाने कण ढकलला जातो. मग ढकलणारा प्रकाश कोणता आणि उष्णता कोणती, हे ओळखता येत नाही. म्हणून ॲश्किन यांनी पारदर्शक गोळ्या निवडल्या. पारदर्शक पदार्थ प्रकाश शोषून घेत नाही, त्यामुळे तो फारसा तापत नाही. प्लॅस्टिकच्या अशा सूक्ष्म गोळ्या त्यांनी पाण्यात सोडल्या आणि त्यांवर लेसरचा झोत रोखला. गोळ्या झोताच्या दिशेने पुढे सरकल्या. हे अपेक्षितच होते. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली. झोताच्या कडेला असलेल्या गोळ्या बाहेर फेकल्या जाण्याऐवजी आपोआप झोताच्या मध्यभागी ओढल्या जात होत्या.

असे का व्हावे? पारदर्शक गोळी ही एक लहानसे भिंगच असते. तिच्यातून जाणारा किरण वाकतो. गोळी किरणाला एका बाजूला वळविते, तेव्हा किरणही गोळीला विरुद्ध बाजूला रेटतो. क्रिया तेथे प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम येथेही लागू पडतो. लेसरचा झोत मध्यभागी अधिक तीव्र व कडेला मंद असतो. म्हणून गोळी जरा कडेला सरकली, की मध्यभागाकडील तीव्र किरणांचा परिणाम अधिक होतो आणि ती पुन्हा मध्यावर खेचली जाते. वाटीत टाकलेला गोटा जसा कोठूनही सोडला तरी तळाशी येऊन थांबतो, तशीच ही गोळी प्रकाशाच्या अदृश्य वाटीत येऊन थांबते. ॲश्किन यांनी समोरासमोर दोन झोत सोडले. दोघांचे पुढे ढकलणारे रेटे एकमेकांना तोलू लागले आणि गोळी त्यांच्यामध्ये जखडली गेली.

१९७० साली त्यांनी या प्रयोगावर लेख लिहिला. प्रयोगशाळेच्या प्रथेप्रमाणे तो आधी सहकाऱ्यांनी तपासला. यात चूक काही नाही, परंतु नवे भौतिकशास्त्रही नाही, असा काहीसा अभिप्राय पडला. तरीही लेख प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी ॲश्किन व त्यांचे साहाय्यक जोसेफ झीड्झिक यांनी त्याहून नवलाची गोष्ट करून दाखविली. त्यांनी सुमारे वीस सहस्रांश मिलिमीटर व्यासाची काचेची गोळी एका काचपट्टीवर ठेवली आणि खालून सरळ वर लेसरचा झोत सोडला. गोळी जागची हलेना. कारण इतकी लहान वस्तू पृष्ठाला जी चिकटते, ती तिच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने. तेव्हा त्यांनी काचपट्टीला सूक्ष्म कंपने दिली. गोळी सुटली, झोताबरोबर वर चढली आणि हवेत एका जागी स्थिर राहिली. तिचे वजन तिला खाली ओढीत होते, प्रकाश तिला वर उचलीत होता आणि दोहोंचा तोल साधला होता. या कामासाठी केवळ पाव वॅट शक्तीचा प्रकाश पुरला.

पुढे १९८६ साली ॲश्किन व त्यांचे सहकारी यांनी एकाच झोताने कण पकडण्याची युक्ती सिद्ध केली. झोत भिंगाने अतिशय तीव्रपणे केंद्रित केला, तर त्या केंद्राकडे सर्व बाजूंनी कण ओढला जातो. दुसऱ्या झोताची गरज उरत नाही. या साधनाला प्रकाशाचा चिमटा असे नाव मिळाले. १९८७ साली अवरक्त प्रकाशाचा असा चिमटा वापरून त्यांनी जिवंत जंतू इजा न करता पकडून दाखविले. तेव्हापासून जीवशास्त्रज्ञांच्या हाती एक नवे हत्यार आले. परंतु ज्यांना निर्वात पोकळीत कण स्थिर करावयाचा होता, त्यांची वाट आणखी बिकट होती.

त्यांचा पहिला शत्रू म्हणजे हवा. एका घनसेंटिमीटर हवेत २५ या अंकापुढे १८ शून्ये मांडल्यावर जी संख्या होईल, सुमारे तितके रेणू असतात. ते सर्व वेगाने इतस्ततः धावत असतात. त्यांच्या माऱ्यामुळे हवेतील सूक्ष्म कण सतत थरथरत राहतो. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली पाण्यातील सूक्ष्म कणांची अशी थरथर सूक्ष्मदर्शकातून पाहिली होती, म्हणून तिला ब्राउनीय गती म्हणतात. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली तिचे गणित मांडले. परंतु या थरथरणाऱ्या कणाचा एखाद्या क्षणाचा खरा वेग मोजणे व्यवहारात अशक्य आहे, असे त्यांनी १९०७ साली लिहिले. कारण तो वेग अत्यंत त्वरेने बदलत असतो. शंभर वर्षांनंतर, २०१० साली, अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मार्क रेझन, तोंगत्सांग ली व त्यांचे सहकारी यांनी काचेची सूक्ष्म गोळी प्रकाशाच्या दोन झोतांत धरून नेमका तोच वेग मोजला. एका थोर शास्त्रज्ञाने जे अशक्य मानले होते, ते नव्या साधनामुळे शक्य झाले.

ही थरथर थांबवावयाची, तर हवा काढून टाकली पाहिजे. म्हणून कण एका बंद धातूच्या पात्रात धरतात आणि निर्वात पंपाने पात्रातील हवा उपसून टाकतात. परंतु येथे एक विलक्षण पेच उभा राहतो. हवा कणाला धक्के देते हे खरे. पण तीच हवा त्याच्या हालचालीला आवरही घालते. पाण्यात हात हलविताना जसा विरोध होतो, तसाच कणाला हवेचा विरोध होतो. हवा गेली, की धक्के गेले आणि आवरही गेला. मग प्रकाशाच्या वाटीत कण एकदा डोलू लागला, की डोलतच राहतो. कोठून थोडीशी ऊर्जा मिळाली, की त्याचे डोलणे वाढत जाते आणि अखेरीस तो वाटीच्या काठावरून बाहेर पडतो. शत्रू म्हणून जिला हाकलून दिले, तीच हवा एका परीने राखणदारही होती.

ॲश्किन व झीड्झिक यांनी १९७६ साली उच्च निर्वातात गोळी पेलून दाखविली आणि लगेच पुढील वर्षी या पेचावर उपायही सुचविला. तो उपाय झोक्यावरून सहज समजतो. झोका पुढे जात असताना मागून ढकलला, तर तो अधिकाधिक उंच जातो. उलट, तो पुढे येत असताना समोरून हलकेच अडविला आणि मागे जात असताना मागून अडविला, तर थोड्याच वेळात तो थांबतो. कणाच्या बाबतीतही हेच करावयाचे असते. कणावरून विखुरलेला प्रकाश एका संवेदनशील उपकरणावर पाडतात. कण कोठे आहे व कोणत्या दिशेने चालला आहे, हे त्यावरून कळते. कण मध्यापासून दूर जाऊ लागला, की लेसरचा प्रकाश किंचित तीव्र करावयाचा, म्हणजे वाटी अधिक खोल होते आणि कणाला बाहेर जाणे कठीण पडते. कण मध्याकडे परतू लागला, की प्रकाश किंचित मंद करावयाचा. असे सतत केले, म्हणजे प्रत्येक फेरीत कणाची थोडी थोडी ऊर्जा हिरावली जाते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश भाग. शेकडो नॅनोमीटरहून लहान असा कण प्रकाशाच्या वाटीत सेकंदाला लाखाहून अधिक वेळा डोलतो. तेव्हा ही सर्व कामे माणसाच्या हाताने होणे शक्य नाही. विद्युत उपकरणेच ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सहस्रावधी वेळा पार पाडतात.

हालचाल कमी होणे म्हणजेच थंड होणे. उष्णता म्हणजे कणांची हालचालच होय. उणे २७३.१५ अंश सेल्सियस या तापमानाला निरपेक्ष शून्य म्हणतात. त्याहून खाली जाता येत नाही. टेक्सासमधील शास्त्रज्ञांनी २०११ साली काचेच्या गोळीची हालचाल इतकी मंद केली, की ती निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या दीड सहस्रांश अंशाएवढ्या तापमानाला शोभावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गोळीची काच स्वतः थंड झालेली नसते. तिच्यातील अणू नेहमीप्रमाणे उष्णतेने कंप पावत असतात. थंड होते ते संपूर्ण गोळीचे एकत्रित डोलणे.

एवढी खटपट कशासाठी? याचे उत्तर समजण्यासाठी अणूंच्या जगाकडे वळले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शास्त्रज्ञांना आढळून आले, की इलेक्ट्रॉन, अणू यांसारखे अतिसूक्ष्म पदार्थ चेंडू किंवा दगड यांच्यासारखे वागत नाहीत. त्यांच्या नियमांना पुंजयामिकी असे म्हणतात. या नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉन एखाद्या लाटेप्रमाणे पसरू शकतो. समोर दोन फटी असतील, तर तो अमुक एका फटीतून गेला असे म्हणता येत नाही. त्याची लाट दोन्ही फटींतून जाते. चेंडू मात्र असे कधीही करीत नाही. तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो.

वास्तविक चेंडूही अणूंचाच बनलेला आहे. मग अणूंचे नियम चेंडूला लागू का पडू नयेत? सूक्ष्म जगाचे नियम व स्थूल जगाचे नियम निरनिराळे आहेत काय? असतील, तर त्यांची सीमा कोठे आहे? बहुतेक शास्त्रज्ञांचे मत असे, की नियम एकच आहेत. मोठ्या वस्तूवर हवेचे रेणू व प्रकाश सतत आदळत असतात आणि ती कोठे आहे याची बातमी जणू चहूकडे पसरवीत असतात. त्यामुळे तिचे लाटेसारखे वागणे दिसून येण्यापूर्वीच नाहीसे होते. काही शास्त्रज्ञांना मात्र वाटते, की वस्तू पुरेशी जड झाली म्हणजे पुंजयामिकीचे नियमच बदलत असावेत. कोणाचे खरे, हे वादाने ठरणार नाही. ते प्रयोगानेच ठरले पाहिजे. २०१९ साली व्हिएन्ना येथे सुमारे दोन हजार अणूंचे बनलेले रेणूही लाटेप्रमाणे वागतात, असे प्रयोगाने दिसून आले. त्याहून कितीतरी मोठ्या वस्तूचे काय, हे पाहावयाचे असेल, तर ती वस्तू सर्व जगापासून अलग करून ठेवली पाहिजे. दोरीने टांगली, तर दोरीतून धक्के येतात. टेबलावर ठेवली, तर टेबलातून येतात. निर्वातात प्रकाशाने पेललेल्या कणाला मात्र कशाचाही स्पर्श नसतो. म्हणूनच हा अधांतरी कण शास्त्रज्ञांना इतका मोलाचा वाटतो.

२०२० साली व्हिएन्ना येथील उरोश देलिच, मार्कुस आस्पेलमायर व त्यांचे सहकारी यांनी या मार्गावरील एक मोठा टप्पा गाठल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचा कण सिलिका म्हणजे शुद्ध काचेचा असून त्याचा व्यास सुमारे १४३ नॅनोमीटर होता. असे पाचशे कण शेजारी शेजारी मांडले, तर त्यांची रांग सर्वसाधारण केसाच्या जाडीएवढी भरेल. तरीही त्या कणात सुमारे दहा कोटी अणू होते. प्रकाशाच्या चिमट्यात धरलेला हा कण त्यांनी समोरासमोर ठेवलेल्या दोन उत्कृष्ट आरशांच्या मध्ये आणला. आरशांमधील अंतर असे साधले होते, की कणावरून विखुरणारा प्रकाश कणाच्या डोलण्यातील थोडी ऊर्जा बरोबर घेऊनच त्या आरशांच्या दरम्यान शिरावा. अशा रीतीने प्रकाशच कणाची हालचाल हळूहळू चोरून नेत राहिला. अखेरीस एका दिशेतील त्याचे डोलणे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या केवळ बारा दशलक्षांश भागाएवढे उरले. आणि हे सर्व साध्या खोलीच्या तापमानात ठेवलेल्या पात्रात घडले.

या अवस्थेस मूलावस्था म्हणतात. पुंजयामिकीप्रमाणे डोलणाऱ्या वस्तूची ऊर्जा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ठरावीक टप्प्यांनीच बदलते. सर्वांत खालची पायरी ती मूलावस्था. व्हिएन्नातील कण शंभरातील सुमारे सत्तर वेळा या सर्वांत खालच्या पायरीवर होता. तेथेही तो अगदी निश्चल नसतो. वेर्नर हायझेनबेर्ग यांनी १९२७ साली मांडलेल्या अनिश्चिततेच्या तत्त्वाप्रमाणे कोणत्याही वस्तूचे स्थान व वेग ही दोन्ही एकाच वेळी संपूर्णपणे निश्चित असू शकत नाहीत. म्हणून निसर्ग प्रत्येक वस्तूसाठी थोडीशी अनिश्चितता राखून ठेवतो. या कणाच्या बाबतीत ती एका अणूच्या व्यासाच्या विसाव्या भागाहूनही लहान असते. दहा कोटी अणूंचा समूह एवढ्या काटेकोर मर्यादेत आणून ठेवणे, ही मानवी कौशल्याची सीमा म्हटली पाहिजे. २०२१ साली व्हिएन्ना व झुरिक येथील दोन गटांनी आरशांच्या साहाय्यावाचून, कणाचे स्थान सतत मोजून व त्यास योग्य क्षणी आवर घालून हीच अवस्था साध्य केली.

अशा अलग राखलेल्या कणाचे इतरही गुण दिसून आले आहेत. निर्वातात घर्षण जवळजवळ नसते. त्यामुळे प्रकाशाने त्याला फिरविले, तर तो अकल्पित वेगाने गरगरतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २०२० साली असा एक सूक्ष्म कण सेकंदाला पाचशे कोटी वेळा फिरविण्यात आला. शिवाय ज्याला कशाचाही स्पर्श नाही, त्याला अत्यंत क्षीण बलही हलवू शकते. म्हणून अतिशय सूक्ष्म बले मोजण्यासाठी या कणांचा उपयोग तराजूसारखा केला जातो.

तथापि ज्या प्रश्नासाठी हा खटाटोप आरंभला, त्याचे अंतिम उत्तर अद्याप मिळालेले नाही. कण थंड केल्यावर त्याला पेलणारा प्रकाश क्षणभर मालवावा, त्याची लाट पसरू द्यावी आणि तो खरोखरच दोन ठिकाणी असल्यासारखा वागतो काय ते पाहावे, अशी शास्त्रज्ञांची योजना आहे. परंतु प्रकाश मालवताच कण खाली पडू लागतो. पात्रात उरलेला हवेचा एखादा रेणूही त्याला धडकला, तर प्रयोग फसतो. इतकेच नव्हे, तर कण आपल्या उष्णतेने जे अदृश्य किरण बाहेर टाकतो, तेही त्याचा ठावठिकाणा उघड करतात. म्हणून पात्रे अधिक निर्वात व अधिक थंड करण्याचे प्रयत्न चालू आहेत; जेथे कण खाली पडण्याचा प्रश्नच उरत नाही, अशा अवकाशात हा प्रयोग करावा, असेही सुचविण्यात आले आहे. त्या प्रयोगात कण लाटेसारखा वागला, तर स्थूल व सूक्ष्म जगांचा कायदा एकच असल्याचा मोठा पुरावा मिळेल. तसा तो वागला नाही आणि त्याचे दुसरे कोणतेही कारण सापडले नाही, तर निसर्गाचा एक सर्वस्वी नवा नियम माणसाला कळेल. दोहोंपैकी काहीही झाले, तरी ज्ञानात भर पडणारच.

आर्थर ॲश्किन यांना प्रकाशाच्या चिमट्याबद्दल २०१८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्या वेळी त्यांचे वय शहाण्णव वर्षांचे होते. इतक्या वयाच्या व्यक्तीला तोपर्यंत हे पारितोषिक मिळाले नव्हते. ही वार्ता आली तेव्हाही ते स्वस्थ बसलेले नव्हते. सूर्याच्या ऊर्जेविषयीच्या एका लेखात ते गुंतले होते. २०२० साली, म्हणजे व्हिएन्नातील प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या रेट्याने कागदाचा कपटाही हलत नाही, त्याचा त्यांनी नेमका हिशेब केला आणि त्याच्या जोगती वस्तू शोधून काढली. पाण्यातील गोळी झोताच्या कडेवरून मध्यावर सरकताना त्यांनी पाहिली, तेव्हा तिला योगायोग म्हणून सोडून न देता तिचे कारण विचारले. त्या एका प्रश्नामागून चालत आलेली माणसे आज सूक्ष्म व स्थूल जगांच्या सीमेपाशी उभी आहेत.

स्वाध्याय

१. कवडशातील धुळीचा कण आणि निर्वात पात्रातील काचेचा कण यांत कोणता फरक आहे?
२. ॲश्किन यांनी पारदर्शक गोळ्या का निवडल्या?
३. ‘हवा एका परीने राखणदारही होती,’ असे पाठात का म्हटले आहे?
४. झोक्याच्या उदाहरणावरून कणाची हालचाल कमी करण्याची रीत आपल्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अधांतरी, पेच, निश्चल, खटाटोप, ठावठिकाणा.